येऊरच्या उतारावर २२१ ठोके : एका चेस्ट स्ट्रॅपचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ठाण्यातल्या एका सायकलस्वाराचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांना इथे नुसतं ‘दादा’ म्हणतो, आमच्या गटातही सगळे तीच हाक मारतात. वय ५१, काम बैठं, आणि वडिलांना साठीच्या आत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला. सायकल त्यांनी हौसेपेक्षा काळजीपोटी सुरू केली. आठवड्यात मधे पहाटे उपवन तलावापासून येऊरचा चढ, आणि रविवारी गटाबरोबर ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी, तिथून पामबीच मार्गाने बेलापूर आणि परत, हा त्यांचा क्रम.

हार्ट रेटवर त्यांचा भरवसा होता. छातीला पट्टा, हँडलवर सायकल कॉम्प्युटर, आणि बहुतेक राईड झोन टूमध्ये, म्हणजे कमाल ठोक्यांच्या हिशोबाने आखलेल्या टप्प्यांपैकी हलक्या टप्प्यात. जोर लावायचा तो आठवड्यातून एकदाच, येऊरच्या चढावर. पट्टा तीनेक वर्षं वापरातला होता.

पुढचं सगळं ज्यावर अवलंबून आहे ते आधी सांगतो. मनगटावरचं घड्याळ हिरवा प्रकाश टाकून त्वचेखालचा रक्तप्रवाह पाहतं. छातीचा पट्टा वीज मोजतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला डावा आणि उजवा असे दोन इलेक्ट्रोड असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेवर साधारण एक मिलिव्होल्टचा संदेश उमटतो. पुढे बटणांनी अडकवलेली डबी दोन इलेक्ट्रोडमधला फरक पाहते, त्यातली टोकदार शिखरं ओळखते, दोन शिखरांमधल्या वेळावरून मिनिटाचे ठोके काढते आणि एएनटी प्लस (अशा उपकरणांची बिनतारी जोडणी) किंवा ब्लूटूथने कॉम्प्युटरला पाठवते. ईसीजीशी नातं इतकं जवळचं असल्यामुळे पट्टा मनगटी घड्याळापेक्षा भरवशाचा मानला जातो. पण बाहेरची वीज त्या एक मिलिव्होल्टमध्ये मिसळली तर तो फसतो तेही त्याच कारणाने.

समस्या

डिसेंबर संपता संपता दादांना पहिल्यांदा विचित्र आकडा दिसला. येऊरचा चढ नेहमीसारखा झाला, ठोके १५५-१६० च्या आसपास. वर गावाजवळ पाणी पिऊन ते उतरायला लागले. पाय थांबलेले, हात ब्रेकवर, आणि स्क्रीनवर ११५ वरून एकदम २२१. उपवनला पोचेपर्यंत तो आकडा १८० ते २२० मध्ये फिरत राहिला. थांबले, तर मिनिटाभरात ९५. छातीत धडधड नाही, चक्कर नाही, दम नाही.

तेच पुढच्या राईडला झालं, त्याच्या पुढच्याही. कधी सुरुवातीलाच, उपवनच्या सपाट रस्त्यावर, पाच-सात मिनिटं १८० दाखवायचं आणि मग आपोआप खाली यायचं. दादा पाहत राहिले आणि चालवत राहिले.

जानेवारीच्या मध्याला त्यात थकव्याची भर पडली. दुपारी ऑफिसात डोळे मिटायचे, जिने चढताना पाय भरून यायचे. सकाळी उठल्यावरची नाडी त्यांची एरवी ५८ असायची, ती ६५-६६ झाली. उतारावर २२१, वर हा थकवा, आणि घरात वडिलांचा इतिहास. वहिनींनी सायकल बंद करायला सांगितलं. त्यांच्या जागी कोणीही हेच म्हटलं असतं.

गटाचं म्हणणं

रविवारी चहाच्या टपरीवर चर्चा झाली आणि प्रत्येकाकडे एक निदान तयार होतं. कोणी म्हणालं सेल बदल. कोणी म्हणालं शेजारच्याचा पट्टा तुझ्या कॉम्प्युटरला जोडला जातोय. एकाला खात्री होती की दिघा-ऐरोलीकडच्या अतिउच्च दाबाच्या तारांमुळे होतंय. सर्वांत जास्त मतं ‘हा पट्टा फेकून नवा घे’ याला पडली. आणि एक तरुण मित्र अगदी आपुलकीने म्हणाला, “दादा, मशीन बिघडलंय हो. तुम्ही ठणठणीत आहात, टेन्शन घेऊ नका.”

मी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम करतो, म्हणून गटातली अशी उपकरणं माझ्याकडे येतात. पट्टा माझ्याकडे आला तेव्हा मला सगळ्यात जास्त भीती या शेवटच्या वाक्याची वाटली.

पहिला निर्णय : आधी हृदय, मग पट्टा

इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. पट्टा चुकतोय का, आणि हृदयात काही बिघाड आहे का. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून दुसऱ्याचं ‘नाही’ होत नाही. पट्टा खराब आणि हृदयही बिघडलेलं, असं असू शकतं.

गटातला सगळ्यात लोकप्रिय युक्तिवाद असा होता की खऱ्या हृदयाचे ठोके ११५ वरून २२१ वर क्षणात जाऊच शकत नाहीत, म्हणजे ती पट्ट्याचीच चूक. व्यायामाने वाढणाऱ्या ठोक्यांबद्दल हे खरं आहे, ते पायरीपायरीने चढतात. पण हृदयाची लय बिघडण्याचे काही प्रकार, उदाहरणार्थ एसव्हीटी, नेमके असेच वागतात: ठोके क्षणात दीडशे-दोनशेच्या पुढे, आणि तितक्याच क्षणात परत खाली. म्हणजे आलेखातली सरळ उभी रेषा हृदयाला निर्दोष ठरवत नाही. लक्षणं नसणं दिलासा देणारं होतं, पण पन्नाशी ओलांडलेल्या, घरात हृदयविकार असलेल्या माणसाबाबत तेवढ्यावर थांबणं मला पटेना.

पर्याय तीन होते. पट्टा बदलून पुन्हा येऊरला जायचं आणि आकडा नीट आला की विषय संपवायचा. किंवा सायकल बंद करून वाट पाहायची. किंवा डॉक्टरांकडे जायचं आणि तोवर येऊर बंद ठेवायचं. दादांचा कल पहिल्याकडे होता, वहिनींचा दुसऱ्याकडे. तिसरा पर्याय दोघांनाही मान्य झाला, कारण त्यात कोणाचंच म्हणणं खोडलं जात नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच दिवशी ठरली: आकडा चढला की बाजूला थांबायचं, मनगटावर किंवा मानेवर बोटं ठेवून तीस सेकंद नाडी मोजायची आणि दुप्पट करायची. फुकट आहे आणि कुठेही करता येतं. उतरताना हात ब्रेकवरून काढायचा नाही, हे वेगळं सांगायला हवं.

होल्टर

हृदयरोगतज्ज्ञांनी ईसीजी आणि टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर चालवून घ्यायची हृदयाची चाचणी, केली. दोन्ही व्यवस्थित आल्या. टीएमटीत ट्रेडमिलवर दादांचे ठोके १६८ पर्यंत गेले आणि लय ठीक राहिली. पण दादांची तक्रार ट्रेडमिलवरची नव्हती, उतारावरची होती. डॉक्टरांनी ते नीट ऐकून घेतलं आणि होल्टर लावायचं ठरवलं, म्हणजे चोवीस तास छातीला अडकवून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र. त्यांनी सांगितलं, “रोज करता ते सगळं करा. आंघोळ तेवढी नको. कधी काय केलंत ते वेळेसकट लिहून ठेवा.” येऊरला जाऊ का, असं दादांनी विचारलं. टीएमटी चांगली आली होती, म्हणून त्यांनी हरकत घेतली नाही, मात्र सावकाश जायचं आणि सोबत कोणीतरी हवं.

सोबत मी गेलो. दादांनी होल्टरही लावलं होतं आणि खाली पट्टाही. फोन, सायकल कॉम्प्युटर आणि होल्टर यांच्या घड्याळांत किती फरक आहे तो आधी लिहून घेतला, नाहीतर नंतर दोन नोंदी जुळवताना वाद झाला असता. पहाट गार होती, उत्तरेचा कोरडा वारा होता. उतारावर पट्ट्याने अपेक्षेप्रमाणे २१४ दाखवलं. दादा सांभाळून कडेला थांबले, नाडी मोजली: १०२.

दोन दिवसांनी होल्टरचा अहवाल आला. त्या मिनिटाला ठोके १०४, लय नियमित. चोवीस तासांत अधूनमधून एखादा सुटा जादा ठोका होता, डॉक्टरांनी तो चिंतेचा नसल्याचं सांगितलं.

हृदयाचा प्रश्न सुटला. पण या प्रयोगाने पट्ट्याबद्दलही असं काही सांगितलं की नुसता नवा पट्टा घेतला असता तर ते कळलंच नसतं. छाती तीच, जर्सी तीच, वारा तोच, क्षण तोच. होल्टरने स्वच्छ ठोके टिपले, पट्ट्याने कचरा. दोन्ही वीजच मोजतात. मोठा फरक त्वचेपाशी होता: होल्टरचे इलेक्ट्रोड जेल लावून चिकटवलेले, पट्ट्याचे नुसते टेकलेले.

दुसरा निर्णय : एका वेळी एकच बदल

दादांना आता घाई होती. सेल, पट्टा, जर्सी सगळं एकदम बदलून मोकळं व्हायचं होतं. मी अडवलं. सगळं एकदम बदललं की दोष जातो, पण कशाने गेला ते कळत नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात तो परत आला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. म्हणून एक राईड, एक बदल, आणि बाकी सगळं होतं तसं. परीक्षेची जागाही ठरलेली: येऊरचा उतार, पहाटेची वेळ.

टपरीवरची निदानं यात पटापट निकालात निघाली. सीआर२०३२ सेल दादांनी आधीच बदलला होता, मीटरवर तो ३ व्होल्टच्या जवळ होता. शिवाय सेल मरायला आला की बहुतेक वेळा आकडा गळतो, मधेच शून्य होतो किंवा रेघा दाखवतो. शेजारच्याचा पट्टा जोडला जाण्याची शंका कॉम्प्युटरमधला सेन्सर क्रमांक डबीवरच्या क्रमांकाशी ताडून संपली, आणि येऊरला दादा बहुतेक वेळा एकटेच असायचे. उच्च दाबाच्या तारांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं, कारण जुन्या, ५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या पट्ट्यांना अशा तारांखाली त्रास व्हायचा. आताचे २.४ गिगाहर्ट्झवरचे पट्टे मोजलेला आकडा सांकेतिक रूपात पाठवतात, वाटेत गडबड झाली तर आकडा हरवतो, ११५ चे २२१ होत नाहीत. दादांच्या जुन्या फाइल उघडल्या, तर पावसाळ्यात त्याच ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या नोंदी स्वच्छ होत्या. तारा पावसाळ्यातही तिथेच होत्या.

आता खरी कामाची तपासणी.

आधी नुसतं पाणी. पट्टा घालण्यापूर्वी दोन्ही इलेक्ट्रोड नळाखाली भिजवले. राईडच्या सुरुवातीची खोटी १८० गायब झाली. कोरडी त्वचा आणि कोरडा इलेक्ट्रोड यांच्यात वीज नीट वाहत नाही, घाम आला की वाहते, हे पाच-सात मिनिटांचं कोडं एवढंच होतं. उतारावर ठोक्यांच्या आलेखात येणारे उंचवटे मात्र कमी झाले तरी राहिले.

मग पाण्याऐवजी ईसीजीचं जेल, दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढं. उतारावर एकच छोटा उंचवटा.

मग जेल बंद, इलेक्ट्रोड पुन्हा नुसते भिजवलेले, आणि जर्सीच्या आत, पट्ट्यावरून घट्ट सुती बनियन. एकही उंचवटा नाही. इथे जर्सीचा हात सापडला. दादांची जर्सी पॉलिएस्टरची, अंगाला सैल. चढावर गरम होतं म्हणून ते चेन छातीपर्यंत उघडायचे आणि उतरताना ती तशीच राहायची. चाळीसच्या वेगाला कापड फडफडतं, पट्ट्यावर आणि अंगावर घासतं, स्थिर विद्युतभार साठत जातो. दमट हवेत तो लगेच निचरून जातो. ठाण्यात वर्षातले बहुतेक महिने हवा दमट असते, म्हणून तीन वर्षं हे फारसं जाणवलं नसावं. हिवाळ्यात कोरडं वारं सुटलं की तो भार हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो, आणि डबी शोधत असते एक मिलिव्होल्ट. तिला विजेचा प्रत्येक झटका ठोका वाटतो.

तरीही एक प्रश्न उरला. गटात सैल जर्सी घालणारे आणखी होते, येऊर उतरणारेही होते. त्यांना २२१ का दिसत नव्हतं?

त्यासाठी मल्टिमीटर काढला. एका बाजूच्या इलेक्ट्रोडच्या दूरच्या टोकापासून त्याच बाजूच्या बटणापर्यंतचा रोध मोजायचा, मग दुसऱ्या बाजूचा, आणि दोन्हींची तुलना करायची. नेमका आकडा पट्ट्यागणिक वेगळा असतो, दोन बाजू सारख्या असणं महत्त्वाचं. दादांच्या पट्ट्याची डावी बाजू काही शे ओहम. उजवी कित्येक किलोओहम, आणि पट्टा जरा वाकवला की आकडा नुसता पळत होता. उजव्या बाजूचा वीजवाहक थर झिजला होता.

आता सगळं जुळलं. दोन्ही इलेक्ट्रोड सारखेच चांगले टेकलेले असतील तर बाहेरचा गोंगाट दोघांवर जवळपास सारखा येतो आणि फरक काढताना निघून जातो. एक बाजू कमजोर झाली की वजाबाकी बिनसते आणि गोंगाटच पुढे जातो. झिजलेला पट्टा एकटा दमट महिन्यांत निभावून गेला असता, फडफडती जर्सी एकटी चांगल्या पट्ट्यावर फारसं काही करू शकली नसती.

झीज कशाने झाली? दादा पट्टा जर्सीबरोबर वॉशिंग मशीनमध्ये, फॅब्रिक सॉफ्टनर घालून धूत होते, आणि पिळून उन्हात टाकत होते. सॉफ्टनरचा पातळ थर धाग्यांवर बसतो आणि विजेच्या आड येतो, पिळण्याने आतला थर तुटतो. घामाचं मीठ साचतं ते वेगळंच.

थकव्याचं उत्तर

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो जवळजवळ नजरेतून सुटला होता. हृदय ठीक, पट्टा सापडला. पण दादा दमत का होते?

फाइल चाळताना झोनच्या सीमा विचित्र दिसल्या. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कमाल हार्ट रेट आपोआप ओळखायची सोय चालू होती. डिसेंबरअखेरच्या त्या उतारावर त्याने २२१ हा दादांचा नवा उच्चांक धरला आणि सगळे झोन वर सरकवले. दादांची खरी कमाल, आधीच्या वर्षांत येऊरवर जीव तोडून चढताना दिसलेली, १७१ होती. वयावरून काढायच्या सूत्रांशीही ती जुळते: २२० वजा वय केलं तर १६९, आणि २०८ वजा वयाचे ०.७ पट केलं तर १७२. ही सूत्रं ढोबळ असतात, पण २२१ च्या आसपास दोन्ही येत नाहीत.

त्यांचा झोन टू कमालीच्या ६० ते ७० टक्क्यांचा. १७१ धरली तर तो १०३ ते १२० येतो, २२१ धरली तर १३३ ते १५५. म्हणजे जानेवारीभर दादा ‘हलकी’ राईड म्हणून जी करत होते, तिच्यात त्यांचे खरे ठोके दीडशेपर्यंत जात होते, त्यांच्या खऱ्या कमालीच्या जवळजवळ ८८ टक्के. आठवड्यातून एकदाचा जोर आता प्रत्येक राईडला लागत होता. पाय भरून येणं, दुपारची झोप, सकाळची वाढलेली नाडी, सगळं यातून येत होतं. उपकरणाच्या एका खोट्या आकड्याने शरीराला खरोखर दमवलं, आणि त्या खऱ्या दमणुकीने हृदयावरचा संशय बळकट केला.

काय केलं, काय झालं

डबी जुनीच ठेवली, फक्त पट्टा नवा घेतला. तो वेगळा मिळतो आणि पूर्ण संचापेक्षा बराच स्वस्त पडतो. कॉम्प्युटरमधली आपोआप ओळखायची सोय बंद केली आणि कमाल हाताने १७१ भरली. दोन आठवडे दादांनी फक्त सपाटीवर, १२० च्या आत सायकल चालवली. सकाळची नाडी हळूहळू ५९-६० वर आली.

फेब्रुवारीतल्या एका कोरड्या पहाटे, नव्या पट्ट्यानिशी, मुद्दाम जर्सीची चेन उघडी ठेवून येऊर उतरून पाहिलं. दोनदा क्षणभर आकडा उडाला, लगेच सावरला. चेन लावून उतरले, स्वच्छ. आता दादा राईडनंतर पट्टा साध्या पाण्यात खंगाळतात, आठवड्याला सौम्य साबणाने हाताने धुतात, सावलीत वाळवतात आणि डबी काढून ठेवतात. ओला पट्टा दोन बटणं जोडून ठेवतो आणि डबी जागीच राहते, त्याने सेलही लवकर संपतो. हिवाळ्यात आत बनियन असतो.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टरांकडे जायला तीनेक आठवडे उशीर झाला, आणि त्या काळात दादा चुकीच्या झोनमध्ये जोर लावत होते. हृदय खरंच बिघडलेलं असतं तर हे आठवडे महागात पडले असते. पहिल्या २२१ लाच थांबून नाडी मोजली असती तर पट्ट्यावरचा संशय त्याच सकाळी पक्का झाला असता. तरी एवढा कौटुंबिक इतिहास असताना तपासणी मी टाळू दिली नसती. नाडी त्या एका क्षणापुरतं सांगते, होल्टरने पूर्ण दिवस दाखवला. धडधड, चक्कर, छातीत दुखणं किंवा दम यांपैकी काही सोबत असेल तर उपकरण तपासत बसायचंच नाही, सरळ दवाखाना.

होल्टर प्रत्येकाला लागेल असं नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं. पण गेलातच तर आकडा कुठे, कधी, काय करताना दिसला ते नेमकं सांगा. दादांनी ‘ठोके वाढतात’ एवढंच सांगितलं असतं तर तपास टीएमटीवर थांबला असता.

मल्टिमीटरची तपासणी मी शेवटी केली, ती पहिल्याच दिवशी घरबसल्या करता आली असती. मात्र तेव्हा झिजलेली बाजू पाहून नवा पट्टा घेतला असता आणि उघड्या चेनपर्यंत पोचलोच नसतो. जेल आणि बनियन वेगवेगळे करून पाहण्याचा क्रम मी पुन्हा तसाच ठेवीन.

आणि ज्यांच्या कॉम्प्युटरमध्ये कमाल ठोके आपोआप ठरतात, त्यांनी आज सेटिंग उघडून तो आकडा पाहावा. आमच्या गटात आणखी दोघांचा असाच फुगलेला निघाला. दोघांपैकी एकालाही उतारावरचा उंचवटा कधी दिसला नव्हता, कारण उतरताना ते रस्त्याकडे पाहत होते.